कोणाचे राष्ट्र, कोणाचा छापखाना : वसाहतीतील समाजवादी पत्रांच्या अभ्यासाची प्रस्तावना

परक्या सत्तेखाली निघालेल्या समाजवादी पत्रांचा इतिहास आपल्याकडे दोन ठिकाणी विखुरला आहे. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात ही पत्रे एखाद्या परिच्छेदापुरती येतात, कामगार चळवळीच्या इतिहासात तळटिपांपुरती. पहिल्या ठिकाणी त्यांना विचारले जाते, तुम्ही स्वराज्यासाठी काय केले? दुसऱ्या ठिकाणी विचारतात, संपासाठी काय केले? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण ही पत्रे आठवड्यामागून आठवडे ज्या प्रश्नाशी झुंजत होती तो निराळा होता. जे राष्ट्र स्वतंत्र व्हायचे आहे ते कोणाचे? साच्यावर उभे राहणाऱ्याचे की साच्याच्या मालकाचे? हा प्रश्न परक्या सरकारच्या कायद्याखाली, जामिनाची रक्कम भरून, उद्या छापखाना जप्त होईल हे ठाऊक असताना छापावा लागे. या अभ्यासाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकासाठी ही प्रस्तावना लिहितो आहे. वाचकाने कामगार चळवळीचा किंवा वृत्तपत्रांचा इतिहास आधी वाचलेला असावा, अशी अट नाही.

हे डोंगरीत बसून लिहितो आहे, आणि तसे मुद्दाम सांगतो. भाईंदरपलीकडच्या उत्तन, चौक, डोंगरी, राई, मुर्धा या पट्ट्याने सत्ता बदलताना अनेकदा पाहिली आहे. १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली, साष्टीही त्यांच्या अंमलाखाली आली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत हा मुलूख मराठ्यांकडे आला आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली. इथली ख्रिस्ती कुटुंबे पोर्तुगीज काळात बाप्तिस्मा घेतलेली, घरात मराठीचीच बोली बोलणारी. १८८७ मध्ये त्यांच्यातल्या पुढाऱ्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले, ते गोव्याहून मुंबईत आलेल्यांपेक्षा आपण वेगळे आहोत हे इंग्रज सरकारला कळावे म्हणून. एका साम्राज्याच्या नकाशात राहून इथल्या माणसांचा इतिहास पुरा होत नाही. मला या अभ्यासाबद्दल जे सांगायचे आहे तेही हेच आहे. समाजवादी पत्रे एका साम्राज्याच्या हद्दीत राहिली नाहीत. ती एका सत्तेच्या मुलखात लिहिली गेली, दुसरीच्या मुलखात छापली गेली आणि तिसरीच्या मुलखात जप्त झाली. आपण मात्र त्यांना इंग्रजी अंमल, फ्रेंच अंमल, पोर्तुगीज अंमल असे कप्पे पाडून वाचत आलो.

आणखी एका कारणाने हे गाव मला उपयोगी वाटते. भाईंदरच्या खाडीला मिठागरे आहेत. १९३० मध्ये मीठ हा राष्ट्राचा प्रश्न झाला आणि सत्याग्रहींची मोठी छावणी विलेपार्ल्यात पडली. त्या वर्षाच्या आरंभी गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे ठेवलेल्या अकरा मागण्या एकदा सलग वाचाव्यात. मिठावरचा कर रद्द करा ही मागणी त्यात आहे. शेतसारा निम्मा करा, रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्सवर आणा, परदेशी कापडावर संरक्षक जकात बसवा, याही आहेत. गिरणीमालकाला आणि व्यापाऱ्याला हव्या असलेल्या गोष्टी त्यात आहेत, शेतकऱ्याची एक मोठी गोष्ट आहे. गिरणी कामगाराच्या मजुरीबद्दल किंवा मिठागरात राबणाऱ्याच्या रोजाबद्दल त्यात एकही कलम नाही. गांधीजींच्या मोठेपणाला यामुळे उणेपणा येतो असे मी मानत नाही. सगळ्यांना एकत्र आणू शकतील अशाच मागण्या त्यांना निवडायच्या होत्या. पण यादीतून जे सुटले, ते त्या काळी कुठे छापले जात होते? या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो की आपण समाजवादी पत्रांपाशी येऊन पोचतो.

नवा अभ्यासक पत्र हाती घेतो आणि आधी अग्रलेखाकडे जातो. माझे सांगणे असे, की आधी शेवटच्या पानाच्या तळाशी जा. तिथे मुद्रकाचे, प्रकाशकाचे नाव आणि छापखान्याचा पत्ता असतो. १८६७ च्या कायद्याने ही माहिती छापणे आणि मॅजिस्ट्रेटपुढे तसे डिक्लेरेशन करणे सक्तीचे झाले. सरकारच्या दृष्टीने ती तुरुंगात कोणाला पाठवायचे याची नोंद होती. १८७० मध्ये दंड संहितेत राजद्रोहाचे १२४ अ कलम आले. १८७८ मध्ये देशी भाषांतल्या पत्रांपुरता वेगळा, कडक कायदा झाला. इंग्रजी पत्रे त्यातून मोकळी होती आणि बंगालमधल्या ‘अमृत बझार पत्रिके’ने त्यातून सुटण्यासाठी रातोरात इंग्रजी अंगीकारली. तो कायदा काही वर्षांत रद्द झाला, तरी मागे एक शिकवण राहिली. कोणत्या भाषेत छापता यावर तुम्हाला किती स्वातंत्र्य आहे ते ठरते. पुढे १९१० च्या प्रेस ॲक्टने जामीन आणला. सरकारच्या मते आक्षेपार्ह असे काही छापले की ती रक्कम जप्त, मग आणखी मोठा जामीन, मग छापखानाच जप्त. हा कायदा १९२२ मध्ये उठला आणि १९३१ मध्ये नव्या नावाने परत आला. मधली ही नऊ वर्षे लक्षात ठेवावीत. मुंबईतल्या समाजवादी पत्रांचा पहिला बहर याच फटीतून उगवला.

त्याआधीची मुळे मात्र वेगळ्या मातीत आहेत, आणि ती सांगितल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. कृष्णराव भालेकरांनी १८७७ च्या आरंभी पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे मुंबईतून चालवू लागले. लोखंडे सत्यशोधक होते, स्वतः गिरणीत नोकरी केलेले होते. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे पाठवला. १८९० मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली, ती या खटपटीमुळे. त्याच काळात राष्ट्रीय म्हणवणारी बरीच पत्रे कारखाना कायद्याला विरोध करीत होती. हा कायदा म्हणजे लँकेशायरच्या मालकांनी देशी गिरण्या बुडवण्यासाठी रचलेला डाव आहे, असे त्यांचे म्हणणे. त्या म्हणण्यात तथ्यही होते, लँकेशायरला देशी गिरण्यांची स्पर्धा नकोच होती. पण पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत राबणाऱ्या मुलाला लँकेशायरच्या डावाशी काय देणेघेणे? ‘दीनबंधु’ त्या मुलाच्या बाजूने लिहीत होता. समाजवाद हा शब्द मराठी पत्रांत रूढ होण्याच्या कितीतरी आधी हा तंटा उभा राहिलेला होता. म्हणून आपल्याकडच्या समाजवादी पत्रांची वंशावळ मॉस्को किंवा लंडनपासून सुरू करणे मला मान्य नाही.

१९०८ ने हा तंटा एका वळणावर आणला. ‘केसरी’तल्या लेखांबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि २२ जुलैच्या रात्री त्यांना सहा वर्षांची शिक्षा सुनावली गेली. मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद पडल्या, वर्षाला एक दिवस या हिशोबाने. लेनिनने त्याच वर्षी या संपाची दखल घेऊन लिहिले. कारखाना कायद्याला विरोध करणाऱ्या परंपरेतल्या संपादकासाठी कामगार रस्त्यावर आले, हे सरळ हिशोबात बसत नाही. ‘केसरी’ गिरणगावात चाळींमधून मोठ्याने वाचला जाई. ऐकणाऱ्याने त्यातून आपल्याला हवे ते घेतले असेल. पत्राचा अर्थ संपादकाच्या मेजावर संपत नाही, याचे मराठीतले याहून ठळक उदाहरण मला ठाऊक नाही.

ऑगस्ट १९२२ मध्ये श्रीपाद अमृत डांगे यांनी मुंबईतून ‘सोशालिस्ट’ काढला. ते पत्र इंग्रजीत होते. आदल्या वर्षी डांग्यांची ‘गांधी विरुद्ध लेनिन’ ही पुस्तिका आली होती, तीही इंग्रजीतच. या उद्योगाच्या मागे रणछोडदास भवान लोटवाला यांचा पैसा होता. गिरणीमालकांच्या शहरात समाजवादी पत्राला एका धनिकाने आधार द्यावा, यात ढोंग शोधण्याची घाई करू नये. अशा पत्रांना जाहिराती मिळत नसत, वर्गणी वेळेवर येत नसे, आणि कागद व खिळे मात्र रोखीने घ्यावे लागत. पत्राचे हिशोब वाचल्याशिवाय त्याच्या मतांबद्दल बोलू नये, असे मी विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे. १९२४ मध्ये कम्युनिस्टांवरच्या कानपूर कटाच्या खटल्यात डांगे तुरुंगात गेले. १९२७ मध्ये कामगार-शेतकरी पक्षाचे मराठी साप्ताहिक ‘क्रांती’ निघाले, आणि इथे भाषा बदलली. इंग्रजी पत्र काँग्रेसमधल्या शिकलेल्या तरुणांशी वाद घालत होते. ‘क्रांती’ गिरणीच्या दारात, गेट सभेत विकले जाऊ लागले. १९२८ च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपात आणि गिरणी कामगार युनियनच्या उभारणीत या पत्राचा वाटा केवढा होता, ते सरकारने आपण होऊन नोंदवून ठेवले आहे. २० मार्च १९२९ ला कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवरच्या मेरठ कटाच्या खटल्यातल्या अटका झाल्या. डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर, निंबकर, अधिकारी यांच्याबरोबर गिरणीतून पुढे आलेले अर्जुन आळवे आणि कासले हेही आरोपी होते. खटल्याच्या पुराव्यांत ‘क्रांती’चे लेख इंग्रजी करून जोडलेले आहेत. ज्यांनी ते पत्र बंद पाडले त्यांच्याच दप्तरात त्याचा मजकूर जपला गेला. त्या काळातल्या कितीतरी पत्रांचे असेच झाले. मुंबई सरकारचा ओरिएंटल ट्रान्सलेटर देशी पत्रांचे साप्ताहिक गोषवारे करी, त्यांतूनच काही पत्रांचा आवाज आज ऐकू येतो. पण तो सरकारी कानाने ऐकलेला आवाज आहे. राजद्रोह शोधणाऱ्या भाषांतरकाराला मजुरीची तक्रार बिनमहत्त्वाची वाटे आणि ती गाळली जाई. गोषवारा वाचताना गाळलेल्याचा विचार करणे हे या अभ्यासाचे पहिले शिस्तीचे काम.

आता फ्रेंच मुलखाकडे. मराठी वाचकाला तो मुलूख परका वाटण्याचे कारण नाही, कारण फ्रान्सच्या समाजवादी पत्रांशी आपला संबंध एका अतिशय परिचित घटनेतून आला आहे. ८ जुलै १९१० ला सावरकरांनी मार्सेय बंदरात बोटीतून उडी घेतली, ते किनाऱ्याला लागले आणि फ्रेंच पोलिसाने त्यांना परत इंग्रजांच्या हवाली केले. ही गोष्ट शाळेत प्रत्येकाने वाचलेली असते. त्यानंतर फ्रान्समध्ये ज्यांनी हा प्रश्न लावून धरला ते मुख्यतः समाजवादी होते. जाँ जोरेस यांचे ‘ल्युमानिते’ हे दैनिक आणि मार्क्सची मुलगी जेनी हिचा मुलगा जाँ लोंगे यांनी आश्रयाच्या हक्काचा मुद्दा उचलला. मादाम कामा तेव्हा पॅरिसमध्ये होत्या. त्यांचे ‘वंदे मातरम्’ १९०९ पासून जिनिव्हात छापले जात होते. १९०७ मध्ये श्टुटगार्टच्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत हिंदुस्थानचा झेंडा फडकवणाऱ्याही त्याच. प्रकरण हेगच्या लवादाकडे गेले आणि २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल इंग्रजांच्या बाजूने लागला. आपल्या चरित्रग्रंथांत उडी राहिली, ‘ल्युमानिते’ मागे पडले. सावरकरांचा पुढचा राजकीय प्रवास आणि जोरेसांचा समाजवाद यांत केवढे अंतर आहे ते वाचक जाणतोच. तरीही त्या उन्हाळ्यात एका समाजवादी दैनिकाला एका हिंदी राष्ट्रवाद्याचे प्रकरण आपले वाटले. का वाटले, याचा शोध मराठीत अजून नीट व्हायचा आहे.

फ्रेंच भूमीवर आश्रयाचा हक्क मागणे एक होते आणि फ्रेंच वसाहतीत पत्र काढणे दुसरे. २९ जुलै १८८१ चा फ्रेंच मुद्रणकायदा त्या काळात अतिशय उदार मानला जाई. कोचीनचीनमध्ये, म्हणजे सायगाव आणि दक्षिण व्हिएतनाममध्ये, त्याचा लाभ फ्रेंच भाषेतल्या आणि फ्रेंच नागरिकाच्या नावावर असलेल्या पत्रांना मिळे. व्हिएतनामी भाषेतल्या पत्राला १८९८ च्या फर्मानाप्रमाणे आधी परवानगी लागे. मग तिथल्या तरुणांनी काय करावे? न्गुयेन आन निन्ह यांनी १९२३ मध्ये आपले जहाल पत्र फ्रेंचमध्ये काढले. दहा वर्षांनी सायगावच्या नगरपालिका निवडणुकीसाठी ‘ला ल्युत’ निघाले, तेही फ्रेंचमध्ये, आणि एदगार गानोफ्स्की या फ्रेंच नागरिकाचे नाव जबाबदार संचालक म्हणून पुढे ठेवून. त्या पत्रात ता थू थाऊ यांच्यासारखे ट्रॉट्स्कीवादी आणि मॉस्कोला मानणारे कम्युनिस्ट एकत्र लिहीत होते. जगात इतरत्र हे दोन गट एकमेकांचे तोंड पाहत नव्हते. सायगावात ते १९३७ पर्यंत एका पत्रात टिकले, आणि मला वाटते त्यामागे तो फ्रेंच कायदाही होता. कायद्याने उघडे ठेवलेले दार एकच, मग आत शिरताना सगळ्यांना खांदा लावून शिरावे लागले. १८७८ चा आपल्याकडचा कायदा, ‘अमृत बझार पत्रिके’चे इंग्रजी, ‘सोशालिस्ट’चे इंग्रजी आणि ‘ला ल्युत’चे फ्रेंच ही चार उदाहरणे शेजारी ठेवली तर वसाहतीतल्या जहाल पत्राने राज्यकर्त्यांची भाषा का उचलली, याची कारणे शिक्षणाच्या पलीकडे जाऊन शोधावी लागतात.

हिंदुस्थानातली फ्रेंच ठाणी या अभ्यासात मध्यावर यायला हवीत, आणि आपण ती कडेला ठेवली. १९०८ मध्ये सुब्रह्मण्य भारतींचे ‘इंडिया’ पत्र मद्रासेतल्या अटकसत्रातून निसटून पाँडिचेरीला गेले. इंग्रजांना छापखान्याला हात लावता येईना, म्हणून त्यांनी अंकच आपल्या हद्दीत येण्यापासून अडवले आणि पत्र संपले. १९३४ मध्ये त्याच गावात व्ही. सुब्बय्या यांनी ‘स्वतंत्रम्’ सुरू केले. आता झगडा इंग्रजांशी नसून फ्रेंच अंमलाशी आणि तिथल्या कापड गिरण्यांच्या मालकांशी होता. ३० जुलै १९३६ ला संपावरच्या कामगारांवर गोळीबार होऊन बारा जण मेले. पॅरिसमध्ये तेव्हा लेओं ब्लूम यांचे, समाजवाद्यांच्या नेतृत्वाखालचे सरकार होते. त्याच सरकारच्या काळात पाँडिचेरीच्या कामगारांना आठ तासांचा दिवस आणि संघटनेचा हक्क मिळण्याची वाट मोकळी झाली, हेही तितकेच खरे. आणि जानेवारी १९३७ मध्ये त्याच सरकारने अल्जेरियन कामगारांची, स्वातंत्र्य मागणारी ‘उत्तर आफ्रिकी तारा’ ही मेसाली हाज यांची संघटना बरखास्त केली. इंग्लंडकडे पाहिले तर तिथेही हेच. मेरठच्या अटका हुजूर पक्षाच्या सरकारने केल्या, पण जून १९२९ पासून दोन वर्षे तो खटला मजूर पक्षाच्या सरकारने चालू ठेवला. मायदेशातला समाजवादी सत्तेवर आला की वसाहतीतल्या समाजवाद्याची कोंडी होते. कालपर्यंत ज्याचे लेख आपल्या पत्रात अनुवादून छापले, त्याच्याच पोलिसांनी आज आपला अंक जप्त केलेला असतो. या कोंडीतून काही पत्रांनी राष्ट्रवादाकडे निर्णायक वळण घेतले, काहींनी मौन पत्करले. मौनाचेही अंक वाचले पाहिजेत.

समाजवादी आणि राष्ट्रवादी यांच्या भांडणाचे सर्वांत बोलके प्रकरण ट्यूनिसचे आहे. तिथे फ्रेंच समाजवाद्यांचे ‘ट्यूनिस सोशालिस्त’ हे पत्र होते. फ्रेंच वसाहतवाल्यांच्या लोभावर ते सडकून टीका करी. जानेवारी १९२९ मध्ये हबीबा मेंशारी या ट्युनिशियन स्त्रीने भर सभेत बुरखा बाजूला सारून स्त्रियांच्या स्थितीवर भाषण केले. समाजवादी शिक्षक जोआकिम द्युरेल यांनी तिची बाजू घेतली. त्यांना विरोध केला तरुण वकील हबीब बुर्गिबा यांनी. परक्या सत्तेखाली आमची ओळखच पुसली जात असताना बुरखा हा त्या ओळखीचा भाग आहे, तो आज काढायचा नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. ज्याने १८९१ चा संमतिवयाचा वाद ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांच्या पानांतून वाचला आहे त्याला यातले एकही वळण नवे वाटणार नाही. फरक एवढाच, की आपल्याकडे ‘सुधारक’चे आगरकर मराठीतून, इथल्या मातीत उभे राहून बोलत होते, आणि द्युरेल राज्यकर्त्यांच्या जातकुळीचे होते. त्यामुळे त्यांचे बरोबर असलेले बोलणेही चुकीच्या तोंडून आले. बुर्गिबांनी १९३२ मध्ये स्वतःचे पत्र काढले, १९३४ मध्ये नवा पक्ष उभा केला आणि १९५६ मध्ये स्वातंत्र्य मिळताच बहुपत्नीत्व बंद करणारा कौटुंबिक कायदा आणला. पुढे बुरखा सोडण्याचा आग्रह धरणारेही तेच. म्हणजे १९२९ मध्ये ते स्त्रियांच्या विरोधात होते असे म्हणून भागत नाही. प्रश्न कोणी, कधी आणि कोणाच्या आधाराने मांडायचा यावरचे ते भांडण होते. मात्र तोवर हबीबा मेंशारींसारख्या स्त्रियांनी थांबायचे होते, हे मी विसरू शकत नाही. मुंबईच्या समाजवादी पत्रांतही बायका संपाच्या बातमीत येतात, लेखाच्या खाली त्यांचे नाव क्वचित सापडते. कामगार चळवळीतल्या उषाबाई डांगे आणि पार्वतीबाई भोर यांची आत्मकथने त्या अंकांशेजारी ठेवून वाचली की पत्रांनी काय पाहिले नाही ते कळते.

आपल्याकडे आणखी एक प्रश्न होता, जो सायगाव आणि ट्यूनिसच्या पत्रांना त्या रूपात कधी पडला नाही. १९२८ च्या संपात समाजवादी आणि कम्युनिस्ट पुढारी कामगारांची एकजूट म्हणत होते तेव्हा गिरणीतल्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळाच्या भीतीने सवर्ण कामगार त्यांना साच्याजवळ येऊ देत नसत. डॉ. आंबेडकरांनी हा मुद्दा संपसमितीपुढे आणि जाहीरपणे मांडला. ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’ आणि १९३० पासूनचे ‘जनता’ ही पत्रे समाजवादी पत्रांच्या यादीत घालावीत की नाही यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. माझे मत ठाम आहे, ती घातलीच पाहिजेत. राष्ट्र कोणाचे, या प्रश्नाच्या पुढे जाऊन कामगार वर्ग तरी कोणाचा, असे विचारणारी तीच पत्रे होती. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष निघाला. ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक तंट्यांच्या विधेयकाविरुद्ध आंबेडकर आणि कम्युनिस्ट यांनी मिळून मुंबईत एक दिवसाचा संप घडवला, तोही मुंबईच्या काँग्रेस मंत्रिमंडळाच्या विधेयकाविरुद्ध. त्या आठवड्याची सगळी पत्रे एकत्र लावून कोणी वाचली तर मराठीत एक उत्तम प्रबंध तयार होईल.

नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, अशोक मेहता, मिनू मसानी, ना. ग. गोरे यांच्या चर्चांतून काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना निघाली आणि १९३४ मध्ये पक्ष स्थापन झाला. त्याचे ‘काँग्रेस सोशालिस्ट’ हे साप्ताहिक आधी राममनोहर लोहियांनी कलकत्त्याहून चालवले, नंतर ते मुंबईला आले. राष्ट्रीय चळवळीच्या आत राहून तिची दिशा बदलायची, हा या गटाचा मार्ग. १९४२ मध्ये तो आणि कम्युनिस्टांचा मार्ग पूर्ण फुटला. एकीकडे भूमिगत पत्रके आणि उषा मेहतांचा काँग्रेस रेडिओ, दुसरीकडे कायदेशीर झालेल्या कम्युनिस्ट पक्षाचे ‘लोकयुद्ध’. या फाटाफुटीवर आजवर इतके लिहिले गेले आहे की इथे थांबत नाही.

थांबायचे आहे ते एका माणसापाशी, कारण हा सगळा पसारा त्याच्या आयुष्यात एकत्र येतो. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचा जन्म १८९१ चा, गोव्यातल्या चांदरचा. पोर्तुगीज प्रजाजन असलेला हा मुलगा पुढच्या शिक्षणासाठी फ्रेंच पाँडिचेरीला गेला आणि तिथून पॅरिसला. अभ्यास विजेच्या अभियांत्रिकीचा होता. पॅरिसमध्ये तो फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांच्या वर्तुळाशी आणि डाव्या पत्रांशी जोडला गेला आणि हिंदुस्थानातल्या इंग्रजी दडपशाहीबद्दल फ्रेंच वाचकांसाठी लिहू लागला. १९२२ ते १९२६ या काळात त्याच शहरातून ‘ल पारिआ’ निघत होते, ज्यात पुढे हो चि मिन्ह या नावाने ओळखला गेलेला तरुण लिहीत असे. फ्रेंच वसाहतींतल्या माणसांनी राजधानीत बसून काढलेले ते पत्र. कुन्हा १९२६ मध्ये गोव्याला परतले तेव्हा लिस्बनमध्ये लष्करी सत्ता आलेली होती आणि पत्रांचा मजकूर छापण्याआधी तपासला जाऊ लागला होता. १९२८ मध्ये त्यांनी गोवा काँग्रेस समिती स्थापन केली. ती राष्ट्रीय काँग्रेसला जोडली गेली, पण काही वर्षांनी परदेशी सत्तेखालचा मुलूख म्हणून काँग्रेसने संलग्नता काढून घेतली. राष्ट्रीय चळवळीची हद्दही इंग्रजांनी आखलेल्या नकाशावर ठरत होती, याचा हा दाखला. गोव्यात जे छापता येत नव्हते ते मुंबईत छापावे लागले. गोमंतकीयांच्या मनावर पोर्तुगीज सत्तेने काय केले त्याची कठोर तपासणी करणारी त्यांची १९४४ ची पुस्तिका अशीच निघाली. १८ जून १९४६ ला मडगावात लोहियांनी सभाबंदी मोडली. ज्यांच्याकडे ते असोळण्याला उतरले होते ते ज्युलियांव मिनेझिस त्यांचे बर्लिनच्या विद्यार्थिदशेतले मित्र. पुढच्याच महिन्यात कुन्हांना अटक झाली, लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा दिली आणि त्यांना पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेले. तिथून सुटून ते पॅरिसमार्गे १९५३ मध्ये मुंबईला आले आणि ‘फ्री गोवा’ काढू लागले. १९५८ मध्ये मुंबईतच ते वारले.

पोर्तुगीज अंमल, फ्रेंच शिक्षण, इंग्रज अमलाखालच्या आणि नंतर स्वतंत्र मुंबईतला छापखाना, हे तीनही कुन्हांच्या एकाच लेखनात आहेत. त्यांच्यावर गोव्यात लिहिले गेले, मुंबईच्या कामगार पत्रांच्या इतिहासात त्यांना जागा नाही. फ्रेंच डाव्या पत्रांच्या अभ्यासकांनाही ते क्वचितच ठाऊक असतात. या क्षेत्रात काय करायचे राहिले आहे असे कोणी विचारले तर मी आधी हे नाव सांगतो.

साधने आता पूर्वीइतकी दुर्मिळ नाहीत. ‘ल्युमानिते’चे जुने अंक फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने संगणकावर खुले केले आहेत, वसाहतींचे दप्तर एक्स-आं-प्रोव्हाँस इथे आहे. मेरठ खटल्याचे खंड आणि देशी पत्रांचे गोषवारे मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात मिळतील, मराठी अंकांसाठी दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयापासून सुरुवात करावी. भाईंदरहून दोन्ही ठिकाणे लोकलने एका दिवसात साधतात. फ्रेंच येत असेल तर उत्तम, येत नसेल तर शिकावी. गोव्यासाठी पोर्तुगीज लागेल. भाषा येईपर्यंत थांबू नका, मराठीतूनच आरंभ करा. पहिल्या अभ्यासासाठी मी एकच वर्ष सुचवतो, १९३६. त्या उन्हाळ्यात ब्लूमचे सरकार आले, जुलैत पाँडिचेरीत गोळीबार झाला, ऑगस्टमध्ये मुंबईत स्वतंत्र मजूर पक्ष निघाला आणि सायगावात ‘ला ल्युत’ अजून फुटलेले नव्हते. ‘जनता’, ‘काँग्रेस सोशालिस्ट’, ‘ल्युमानिते’ आणि ‘ला ल्युत’ यांचे जून ते सप्टेंबरचे मिळतील तेवढे अंक तारखेने लावा. पाँडिचेरीच्या बातमीला कोणी किती ओळी दिल्या, कोणत्या पानावर दिल्या आणि मेलेल्यांना काय म्हटले, एवढेच आधी टिपून घ्या.